एकोणीस चुकांची चटनी

माझ्या आईचा आवाज मी बंद दारातून ऐकला.

आई तेव्हा बेंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला घरी होती. मी कोरमंगलात, क्लासच्या जिन्यात. एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती.

"दाने भाजून घ्यायचे. बारीक जाळावर. करपू द्यायचे न्हाईत."

खट्. आवाज थांबला.

"हं, काय चुकलं?" हे सर.

"दाणे!" सगळी पोरं एका सुरात.

पुन्हा खट्. पुन्हा आई. "लसून ठेचायचा. पानी अजाबात घालायचं न्हाई. कोन घालतंय मनून आपन घालायचं न्हाई."

खट्.

"लसूण! पाणी! कोण! म्हणून! आपण!"

"वा! एका दमात पाच," सर म्हणाले आणि हसले. त्यांच्यामागून पोरं हसली. "एकूण किती झाल्या गं, मृणाल?"

"एकोणीस, सर."

"एकोणीस चुकांची चटणी!"

पोरं खिदळायला लागली. बाकं वाजली. मी दुसरी चप्पल काढलीच नाही. पहिली पुन्हा पायात घातली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. माझे कान तापले होते.

हे कसं झालं ते सांगते.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. बाप सोलापूरकडचा. गावकुसाबाहेरचं घर सोडून तो बेंगळूरला आला, सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला. मी इथंच जन्मले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. भाजीवाली अक्का, रिक्षावाला अण्णा. आई भांडायची कन्नडमध्ये आणि रडायची मराठीत. मी संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. करत होते. तिथल्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली, 'मराठी बोलणारी मुलगी पाहिजे.' आमच्या कॉलेजात तशी मी एकटीच होते.

सर पुण्याचे. कोरमंगलात एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा बोलायला शिकवायचा क्लास होता. आठवडाभर स्पोकन इंग्लिश. शनिवार-रविवार स्पोकन मराठी. मराठीला यायची ती मोठमोठ्या सरकारी संस्थांतल्या इंजिनियरांची, शास्त्रज्ञांची पोरं. जन्म इथला, शाळा इंग्रजी. पुण्या-नागपूरच्या आजीचा फोन आला की यांची बोबडी वळायची. आयांना लाज वाटायची, म्हणून क्लास.

सरांनी मला समोर बसवलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, "नाही, पण मूळचं?" मी म्हणाले, "मूळचंच सांगितलं, सर." ते एकदम खूश झाले.

"वा! अस्सल!"

अस्सल हा शब्द मी तोवर तुपाबद्दल ऐकला होता. माणसाबद्दल पहिल्यांदाच. आडनाव ऐकून खूश झालेला माणूसही पहिल्यांदाच पाहिला. आमचं आडनाव ऐकून लोक गप्प होतात, विषय बदलतात, खोली भाड्यानं गेली म्हणतात. खूश होत नाहीत. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"कुटंतरी पानी मुरतंय बग," ती म्हणाली.

मी तिच्यावरच खेकसले. "तुला सगळीकडंच पानी मुरताना दिसतं!"

कामावर गेले तर सरांनी माझ्या हातात मोबाइल ठेवला. आता शाळकरी पोरांकडंही असतो. तेव्हा बेंगळूरात मोबाइल म्हणजे कारवाल्यांची चीज. वीट असावी तसा जड. वर ओढायची काळी दांडी. येणाऱ्या फोनलासुद्धा पैसे पडायचे. आमच्या अख्ख्या गल्लीत साधा फोन नव्हता, आणि माझ्या हातात हे.

"समोर माणूस दिसला की मुलं हातवारे करून भागवतात," सर म्हणाले. "फोनवर तोंड उघडावंच लागतं. ती वर्गातल्या फोनवरून तुला लावतील. तू वर गच्चीत बस, तिथं रेंज आहे. बोल त्यांच्याशी. घरी बोलतेस तसं. अगदी तसं."

कल्पना चांगली होती. ते मी आजही नाकारत नाही. पोरं खरंच बोलायला लागली. पहिल्या दिवशी मृणाल नावाची चौदा वर्षांची पोरगी "अक्का, तुम्ही काय खाल्ला?" असं विचारत होती. महिन्याभरात ती मला शाळेतल्या भानगडी सांगायला लागली. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची, दांडी ओढायची, पोरांशी गप्पा मारायची. मला वाटायचं, मी शिकवतेय. सरांनी सांगितलंही होतं, "पुढच्या बॅचला तुझं नाव बोर्डावर लावू, टीचर म्हणून." मी ते गल्लीतल्या प्रत्येकीला सांगितलं होतं.

पण तीन गोष्टी मला खटकायच्या.

बोलताना कानात माझाच आवाज मागून परत यायचा. विहिरीत बोलल्यासारखा. विचारलं तर सर म्हणाले, "मोबाइलला असतं तसं." मधेच एखादं पोर म्हणायचं, "शेवटचं वाक्य परत सांगा ना, हळू." आणि मी हळू सांगितलं की मागं दबकं हसू. तिसरी गोष्ट म्हणजे विषयांची चिठ्ठी. दर वेळी सर मला विषय लिहून द्यायचे. अंगणातले खेळ. सणाचं जेवण. लोणी कसं काढतात. पाहुणे कोण कोण आले. मी एकदा विचारलं, "सर, पोरांना सिनेमावर बोलायचंय. बोलू?"

"नको, नको," ते पटकन म्हणाले. "यादीतलंच."

संशय आला होता, पण गिळला. बोर्डावरचं नाव डोळ्यापुढं होतं ना. उलट मी एक हलकट गोष्ट केली. टीचर व्हायचं तर शुद्ध बोलायला पाहिजे म्हणून घरी आरशापुढं उभी राहून पाणी, आणि, कोण घोकायला लागले. आणि आईच्या मागं लागले. ती पानी म्हणाली की मी ओरडायची, "पाणी! पाणी गं आई!" बाप ताटावरून मान वर करून बघायचा. आई एकदाच म्हणाली, "तुजं तू बोल, बाय." तिचा आवाज उतरला होता. मला तेव्हा ऐकू आला नाही.

मग सरांनी सांगितलं, "येत्या रविवारी फोन घरी घेऊन जा. मुलांना तुझ्या आईशी बोलू दे. घरचं वातावरण येऊ दे."

विषय होता शेंगाची चटणी.

आईनं त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली. केसाला तेल, कपाळाला मोठं कुंकू.

"आई, फोनवर दिसत न्हाई गं!"

"असू दे. मोठ्या लोकांची लेकरं हायती. आपून नीट ऱ्हावावं."

रेंज आमच्या पत्र्याखाली येईना. शेजारच्या अक्काच्या गच्चीवर गेलो. अक्का धुणं टाकून बघायला आली. "एनु, मोबाइला?" आणि आईकडं असं बघितलं की आईची मान दोन इंच वर गेली. फोन वाजला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला. खालून रेल्वे गेली तेव्हा ती लेकरांना म्हणाली, "थांबा स्वल्प, गाडी जाऊ द्या." मग तिनं चटणी सांगितली. दाणे कसे भाजायचे, कुठपर्यंत कुटायचं, तेल सुटलं की हात थांबवायचा. मधे दोनदा पोरं हसली. आईही हसली. तिला वाटलं तिच्या बोलण्यावर खूश झाली.

"ग्वाड लेकरं हायती," फोन ठेवल्यावर ती म्हणाली. "इतक्या वर्सांत मला कुनी इतका येळ ऐकलं न्हाई."

पुढच्या शनिवारी मी जिन्यात उभी होते. एक चप्पल काढलेली.

वर्ग संपला. दार उघडलं. मृणाल बाहेर आली आणि मला बघून हसली. नेहमीसारखं.

मी विचारलं, "तुम्ही माझ्या आईवर हसता?"

तिचं हसू गेलं. "अक्का... आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. सर म्हणाले, तुम्ही मुद्दाम तसं बोलता. आम्हाला चुका सापडाव्यात म्हणून."

"आनि माजी आई?"

तिनं दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "दर वेळी टेप करतात. पहिल्यापासून."

म्हणजे कानात परत येणारा तो आवाज. ते खट्. ते 'परत सांगा ना.' मी पर्समधून विषयांच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि पायरीवर बसून वाचल्या. अंगण. सण. जेवण. लोणी. कोण. पाहुणे. चटणी. एकेका विषयात ण पेरलेला. ससा यावा म्हणून गाजर ठेवतात, तसा. मी टीचर नव्हते. मी धडा होते. अशुद्धचा धडा.

त्या दिवशी मी भांडले नाही. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटली. पुढचा वर्ग भरला तशी गुपचूप गच्चीत गेले. फोन वाजला. विषय होता पाणी भरणे. आणि मी एकूणएक ण लावला. पाणी, आणि, कोण, म्हणून, आपण, अंगण. आरशापुढची सगळी घोकंपट्टी बाहेर काढली. मला सरांना दाखवायचं होतं की बघा, येतंय मला.

पाच मिनिटांत सर गच्चीत हजर. तोंड आंबट.

"आज असं का बोलतेस?"

"कसं, सर?"

"असं... ओढूनताणून. नॅचरल बोल ना. तू अशी बोललीस तर मुलांना काय मिळणार?"

इतकं बोलून ते खाली गेले. मी फोन धरून तशीच बसले. आजवर मला वाटायचं, आमचं बोलणं सुधारलं की ही माणसं आम्हाला जवळ घेतील. शुद्ध बोलले तर हा माणूस चिडला! त्याला मी सुधारलेली नकोच होते. मी अशुद्धच हवी होते, म्हणजे त्याची पोरं शुद्ध. माझ्या डोक्यात तेव्हा जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

पंधरा दिवसांनी पालकांचा मेळावा होता. सरांना त्यांचा मोबाइलचा प्रयोग सगळ्यांपुढं दाखवायचा होता. मला म्हणाले, "आईलाच घेऊन ये. पालकांना अस्सल नमुना ऐकू दे."

नमुना. हा शब्द त्यांचा, माझा नाही.

आणि घरी काय झालं, तर बापानं आधीच आईला मेळाव्याचं बोलावणं सांगून टाकलं होतं. मीच त्याच्यापाशी बोलून गेले होते. आईनं साडी घडी घालून गादीखाली ठेवली, इस्त्री बसावी म्हणून. डबाभर चटणी कुटली, लेकरांना द्यायला. रोज विचारायची, "कवा जायचं?" मला तिला खरं सांगवेना. एकोणीस चुकांची चटणी म्हणून हसले, हे कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी मेळाव्याच्या सकाळी म्हणाले, "रद्द झालंय, आई."

"मग तू का निगालीस?"

"काम हाय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. गादीखालची साडी काढून परत ट्रंकेत ठेवली.

क्लासच्या हॉलमध्ये चाळीसेक पालक बसले होते. टेबलावर स्पीकरचा फोन. शेजारी टेपरेकॉर्डर. पोरांच्या हातात वह्या-पेन्सिली. "आईला यायला जमलं नाही," मी सांगितलं. सर चिडले, पण पाहुण्यांपुढं हसले. "ठीक आहे, तू बोल. चटणीच सांग. आणि नॅचरल हं!"

मी गच्चीत गेले. दांडी ओढली. फोन वाजला.

"नमस्कार, अक्का," मृणालचा आवाज. घाबरलेला. "चटणी कशी करतात ते सांगा ना."

"सांगते. आधी माझ्यामागून म्हण. तण्णीरु."

"तण्णीरु," ती म्हणाली. गार पाणी. इथं जन्मलेलं कुठलंही पोर म्हणेल.

"बेण्णे. एण्णे. सण्ण."

लोणी, तेल, लहान. तिनं म्हटलं. मागं खुर्च्यांची कुजबुज सुरू झाली.

"बघ, या सगळ्यात ण आहे," मी म्हणाले. "मी बोलायला लागल्यापासून म्हणते. माझी आई रोज दुकानात म्हणते. आमच्या तोंडात ण नाही असं नाही. आमच्या घरच्या मराठीत पानीच म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते. म्हणून मी म्हणते. ही चूक नाही. ते आमचं बोलणं आहे."

"अगं, चटणी," सरांचा आवाज लांबून आला.

"सर, तुम्ही राहता कुठं?"

"काय?"

"राहता कुठं? सांगा की सगळ्यांना."

"हेब्बल," ते म्हणाले. सवयीनं.

"हेब्बाळ, सर. ळ आहे तिथं. बाळातला. पाटीवर इंग्रजीत वाचून तुम्ही सात वर्षं हेब्बल म्हणता. रिक्षावाला अण्णा कधी हसला तुम्हाला? रोज नीट घरी सोडतो ना? त्यानं कधी तुमचा आवाज टेप केला?"

मी बोलत बोलतच जिना उतरायला लागले. मधल्या पायरीवर रेंज गेली, फोन कट झाला. बरंच झालं. उरलेलं मी समोर उभी राहून बोलले.

"माझ्या आईची कॅसेट द्या."

"हे बघ, तुझा गैरसमज झालाय." सर उभे राहिले. घाम फुटला होता त्यांना. "हा भाषेचा प्रश्न आहे. जातीचा नाही."

मी जात हा शब्द काढलाच नव्हता. मी ण म्हणाले होते, ळ म्हणाले होते. जात त्यांच्याच तोंडून बाहेर आली.

"मी कुठं म्हटलं जातीचा आहे?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या एक बाई समजुतीनं म्हणाल्या, "अगं, पण शुद्ध शिकण्यात वाईट काय आहे? तुझाच फायदा आहे त्यात."

"मी पंधरा दिवसांपूर्वी शुद्ध बोलले, बाई. तर हे रागावले. विचारा त्यांना."

बाईंनी सरांकडं पाहिलं. सर टेबलावरचे कागद नीट करायला लागले.

टेबलामागच्या कपाटाला कुलूप नव्हतं. मी उघडलं. सहा कॅसेटी. सुरेख अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या. 'नमुना १, अशुद्ध.' 'नमुना २, अशुद्ध.' शेवटच्या कॅसेटवर, 'नमुना ६, ग्रामीण स्त्री, अशुद्ध, चटणी.' माझ्या आईला नाव आहे. ते कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी सहाही ओढणीत बांधल्या.

"ती क्लासची मालमत्ता आहे!"

"आवाज आमचा हाय."

"फोन ठेव आणि चालती हो."

फोन टेबलावर ठेवला. दांडी आत सारून ठेवला. एकाही पालकानं मला अडवलं नाही, एकही माझ्या बाजूनं बोलला नाही. मृणाल वहीत तोंड खुपसून बसली होती. बसला उभी राहून मी के. आर. पुरमला आले. ओढणीची गाठ मी घट्ट धरली होती.

मला वाटलं होतं, कॅसेट आणली म्हणजे आईची लाज आणली. तिला काही कळायची गरज नाही. पण तिनं ओढणी सोडली, कॅसेटी बघितल्या आणि हरखून गेली. "माजा आवाज हाय ह्यात? लाव की!" मी टाळलं. ती हट्टाला पेटली. बापानं त्याचा जुना टेप पुढं ओढला आणि लावली.

मला माहीत नव्हतं की स्पीकरचा फोन खोलीतलंही सगळं उचलतो.

"दाने भाजून घ्यायचे," आई टेपमधून म्हणाली. आई टेपसमोर बसून हसली. मग टेपमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. एक पोरगा हळूच म्हणाला, "दाने दाने!" आणि सरांचा आवाज, "श्श, लिहून घ्या, नंतर हसा." आईची चटणी चालूच. लसून, पानी, कोन. दर शब्दामागं तोंड दाबून हसणं. बापानं हात लांब केला, पण आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." तिनं शेवटपर्यंत ऐकलं. फोनवर हसलेली स्वतःही ऐकली.

मग उठून चुलीपाशी गेली.

मी मागं गेले. सगळं सांगितलं. सरांचं, ण चं, चिठ्ठ्यांचं, मी काय बोलले त्याचं. ती ऐकत होती की नाही कळेना. ताट वाढलं, माझ्यापुढं सरकवलं. आणि जपून, एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, "चटणी घे. भात णको का तुला?"

घास माझ्या हातातच राहिला.

"आई. नको. नको म्हन."

"त्येच म्हणले की. णको." ती माझ्याकडं बघत होती. बरोबर आलं का, म्हणून. शाळेतल्या पोरीसारखी. पन्नाशीची बाई. "मला कुटं लावायचा त्ये कळत न्हाई, बाय. तू शिकीव. म्हणजे परत तुला कुणी हसणार णाही."

सरांनी जे केलं त्याचा राग मला गच्चीतच आला होता. हे ऐकून मात्र मला माझीच चीड आली. हे सरांनी केलं नव्हतं. 'पाणी गं आई!' म्हणून तिच्या अंगावर मी ओरडत होते. रोज. तिच्याच चुलीपाशी. तिच्या तोंडातला शब्द तिलाच परका केला, तो मी. सरांनी फक्त टेप लावली.

"न्हाई शिकवनार," मी म्हणाले. "मेले तरी न्हाई शिकवनार. तू बोलतीस त्ये बरोबर हाय."

तिला पटलं नाही. ती पुढं कितीतरी वर्षं परक्या माणसापुढं अडखळत राहिली. फोन वाजला की दुसऱ्याला दे म्हणायची. माझी माफी तिच्या काही कामाची नव्हती. ते नुकसान तिथंच आहे, भरून आलेलं नाही, आणि त्यात माझा हात आहे.

मी पुढं बोलायला शिकवण्याच्याच कामात राहिले. माझा स्वतःचा वर्ग आहे. हे सगळं मी जागच्या जागी ण लावून लिहिलंय. मला येतो. वाचणाऱ्याला दुरुस्त करायला काही सापडू नये म्हणून लावलाय, कारण माझा तुमच्यावर अजून विश्वास नाही. पुण्याहून, मुंबईहून नोकरीला आलेली नवी माणसं भेटतात. माझं बोलणं ऐकतात, मग आडनाव विचारतात. मग मान डोलावत कौतुक करतात, "तुम्ही किती शुद्ध बोलता हो! त्यांच्यातल्या वाटतच नाही."

अशा वेळी मी लगेच भाषा बदलते. भर ऑफिसात, भर लग्नात, कुठंही. डोळ्याला डोळा देऊन सांगते, "मी त्यांच्यातलीच हाय. माज्या आईचं बोलनं हे असं हाय, आनि हितनं फुडं तुमच्यासंगं मी असंच बोलनार. तुमाला लाज वाटंल तिथं तर मोठ्यांदा बोलनार."